संगणकांमधल्या भिंती आणि ग्रेस हॉपर

जुन्या काळी आपल्याकडे धान्य मापाने विकले जाई. मापांची नावे गावोगाव तीच, पण माप तेच असेल याची खात्री नसे. चार शेरांची पायली हे खरे. मात्र शेर केवढा, हे ज्या त्या पेठेने ठरवायचे. त्यामुळे धान्य एका मुलखातून दुसऱ्या मुलखात गेले की भावाच्या आधी माप विचारावे लागे. १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला, हळूहळू किलो आणि लिटर आले आणि पायली फडताळात जाऊन बसली. आज दुकानात किलोभर तांदूळ मागताना त्यामागे केवढा मोठा करार उभा आहे, हे आपल्या मनातही येत नाही.

संगणकही एके काळी असेच आपापल्या पायल्या घेऊन बसले होते. एका कंपनीच्या यंत्रात भरलेली माहिती दुसऱ्या कंपनीच्या यंत्राला वाचता येत नसे. अमेरिकेत आयबीएमच्या पंच कार्डावर ८० स्तंभ आणि चौकोनी छिद्रे, तर रेमिंग्टन रँडच्या कार्डावर ९० स्तंभ आणि गोल छिद्रे. एकाची कार्डे दुसऱ्याच्या यंत्रात घालून उपयोग नव्हता. पुढे इलेक्ट्रॉनिक संगणक आले तरी हा सोवळेपणा गेला नाही, उलट वाढलाच. हिशेब ग्राहकाचे, पण ते वाचण्याची किल्ली यंत्र विकणाऱ्याच्या खिशात, असा मामला होता. ही किल्ली ग्राहकाच्या हाती यावी म्हणून ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांत नौदलाच्या गणवेशातली एक किडकिडीत, चष्मा लावणारी बाई होती. तिचे नाव ग्रेस हॉपर.

हे नाव मी प्रथम ऐकले ते १९८० च्या दशकात, मुंबईतल्या एका बँकेच्या संगणक विभागात नोकरीला लागल्यावर. तेथे आम्हाला कोबोल नावाची संगणकभाषा शिकवली गेली आणि ही भाषा अमेरिकेतल्या एका आजीबाईंनी तयार केली, असे सांगितले गेले. ते पूर्ण खरे नव्हते. पण पुढे त्यांच्याविषयी वाचत गेलो तेव्हा जे खरे होते ते अधिक रंजक निघाले.

ग्रेस मरेचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. वडील विम्याच्या व्यवसायात. आजारपणात त्यांचे दोन्ही पाय कापावे लागले, तरी लाकडी पायांवर ते उभे राहिले. मुलींनाही मुलाइतकेच शिक्षण मिळाले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. आईला गणिताची ओढ. सात वर्षांची असताना ग्रेसने घरातले गजराचे घड्याळ कसे चालते हे पाहण्यासाठी ते उघडले. पुन्हा जुळेना, म्हणून दुसरे उघडले. असे करता करता सात घड्याळे सुटी झाली. आईने एवढेच केले, की यापुढे तिला एकाच घड्याळावर हात चालवायची मुभा दिली. एखादी वस्तू आतून कशी चालते हे पाहिल्याखेरीज स्वस्थ न बसण्याचा हा स्वभाव जन्मभर टिकला.

१९२८ मध्ये व्हॅसार महाविद्यालयातून गणित आणि पदार्थविज्ञान घेऊन ती पदवीधर झाली. १९३० मध्ये व्हिन्सेंट हॉपर या प्राध्यापकाशी विवाह झाला आणि १९३४ मध्ये येल विद्यापीठाची गणितातली पीएच.डी. मिळाली. व्हॅसारमध्येच अध्यापन सुरू झाले होते. आयुष्य असेच फळा आणि खडू यांत गेले असते. पण महायुद्ध आले. पणजोबा नौदलात रिअर अॅडमिरल होते. आपणही नौदलात जायचे असे तिने ठरवले. वय जास्त, वजन नियमापेक्षा सुमारे सात किलो कमी, आणि गणिताची अध्यापिका म्हणून ती नोकरीतच अधिक उपयोगी, अशी तिहेरी अडचण होती. खास परवानगी मिळवून १९४३ च्या डिसेंबरमध्ये ती नौदलाच्या राखीव दलात दाखल झाली आणि प्रशिक्षणात पहिली आली.

जुलै १९४४ मध्ये त्यांना हार्वर्ड विद्यापीठात पाठवण्यात आले. तेथे प्रा. हॉवर्ड आयकेन यांचा मार्क-१ हा महाकाय गणकयंत्राचा कारखाना सुरू होता. लांबी ५१ फूट, वजन सुमारे पाच टन, आणि वेग सेकंदाला तीन बेरजा. आज हसू येईल, पण तोफांचे तक्ते आणि युद्धातली अवघड गणिते तेव्हा यावरच होत. यंत्राला आज्ञा द्यायच्या त्या कागदी फितीवर छिद्रे पाडून. हॉपरबाईंनी या यंत्राची पाचशेहून अधिक पानांची माहितीपुस्तिका लिहिली. तेथेच १९४७ मध्ये मार्क-२ या पुढच्या यंत्राच्या एका रिलेत अडकलेला पतंग सापडला आणि चिकटपट्टीने नोंदवहीत डकवला गेला. यंत्रातल्या दोषाला बग म्हणण्याची पद्धत त्याआधीपासूनची होती. खराखुरा किडा सापडला म्हणून गंमत. ही गोष्ट हॉपरबाई पुढे रंगवून सांगत. ती नोंदवही आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

पण माझ्या दृष्टीने हार्वर्डमधली महत्त्वाची वही दुसरीच. हॉपरबाई आणि त्यांचे सहकारी नेहमी लागणारे आज्ञांचे तुकडे वहीत लिहून ठेवत आणि गरजेप्रमाणे एकमेकांच्या वहीतून उतरवून घेत. उतरवताना माणूस चुका करतो, बेरजा चुकतात, अक्षरे गळतात. तेव्हा त्यांच्या मनात आले, की उतरवून घेण्याचे हे काम यंत्रालाच का देऊ नये?

युद्ध संपले. १९४५ मध्ये घटस्फोट झाला होता. वयाच्या अटीमुळे नौदलाच्या नियमित सेवेत जागा मिळाली नाही. १९४९ च्या सुमारास त्यांना दारूने घेरले होते. चरित्रकारांनी हे लपवलेले नाही आणि लपवण्याचे कारणही नाही. त्या त्यातून सावरल्या. त्याच वर्षी फिलाडेल्फियातल्या एकर्ट आणि मॉकली यांच्या छोट्या कंपनीत त्या रुजू झाल्या. युनिव्हॅक हा संगणक तेथे तयार होत होता. वर्षभरात ही कंपनी रेमिंग्टन रँडने विकत घेतली.

त्या दिवसांतली एक गोष्ट त्या सांगत. कंपनीतल्या एका यंत्राचे काम आठच्या पाढ्यावर चाले. म्हणजे आपण दहा-दहाचे गट करतो, तसे तेथे आठ-आठचे. त्या पद्धतीत २५ लिहिले तर आपल्या हिशेबाने ते २१ होतात. बाई दिवसभर याच अंकांत बुडालेल्या. महिनाअखेर बँकेचे पासबुक काही केल्या जुळेना. शेवटी बँकेत काम करणाऱ्या भावाने पाहिले, तेव्हा कळले की काही वजाबाक्या आठच्या हिशेबाने झाल्या आहेत! अंक तेच, कागद तोच, पण वाचण्याचा संकेत बदलला की रक्कम बदलते. विनोद म्हणून सांगितलेल्या या गोष्टीत त्यांच्या पुढच्या साऱ्या कामाचे बीज आहे.

१९५१-५२ मध्ये त्यांनी ए-झिरो नावाची आज्ञावली तयार केली. ठरावीक खुणा दिल्या की त्यांवरून आज्ञांचे तयार तुकडे शोधून एकत्र जोडण्याचे काम यंत्र स्वतः करी. यालाच त्यांनी कंपायलर हे नाव दिले. संगणक फक्त आकडेमोड करतो, आज्ञावली कशी रचणार, असे म्हणून बराच काळ कोणी तिला हातही लावला नाही.

पुढचे पाऊल अधिक धाडसाचे होते. कारखान्यातला हिशेबनीस गणिताची चिन्हे वापरत नाही, तो शब्द वापरतो. मग संगणकाला शब्दांतच आज्ञा का देऊ नयेत? वरिष्ठांना पटवण्यासाठी त्यांनी एक छोटी आज्ञावली इंग्रजी शब्दांत दाखवली आणि तीच फ्रेंच व जर्मन शब्दांतही चालवून दाखवली. यंत्राला भाषा कळत नाही. तो शब्द म्हणजे एक खूण, खूण बदलता येते, एवढेच त्यांना सिद्ध करायचे होते. झाले उलटेच. फिलाडेल्फियात जन्मलेल्या अमेरिकन यंत्राला फ्रेंच आणि जर्मन यावी, या कल्पनेनेच वरिष्ठ बिथरले. शेवटी फक्त इंग्रजी शब्दांवर चालणारी फ्लो-मॅटिक ही भाषा तयार झाली. तिच्यात आणखी एक मोठी गोष्ट होती. माहितीचे काय करायचे या आज्ञा वेगळ्या, आणि माहिती कशी मांडली आहे याचे वर्णन वेगळे, अशी वाटणी तिच्यात केलेली होती. दिसायला साधी, पण भिंतीला पहिले भगदाड पडले ते येथे.

१९५९ पर्यंत मोठ्या ग्राहकांचा जीव मेटाकुटीला आला होता. एकट्या अमेरिकी संरक्षण खात्याकडे २२५ संगणक होते आणि आणखी १७५ मागवलेले होते. यंत्र बदलले की आज्ञावल्या नव्याने लिहायच्या. बरोज कंपनीच्या मेरी हॉज यांनी सर्वांना चालेल अशा व्यापारी भाषेचा विषय काढला. एप्रिलमध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात लहानशी बैठक झाली. हॉपरबाई तिला हजर होत्या. मे महिन्यात संरक्षण खात्याच्या चार्ल्स फिलिप्स यांनी पेंटॅगॉनमध्ये मोठी बैठक बोलावली. एरवी एकमेकांचे ग्राहक पळवणाऱ्या कंपन्यांची माणसे एका टेबलाशी बसली. त्यातून कोबोल जन्मली. प्रत्यक्ष मसुदा जीन सॅमेट, गर्ट्रूड टियर्नी, हॉवर्ड ब्रोमबर्ग आदी सहा जणांनी लिहिला. हॉपरबाई त्या सहांत नव्हत्या, त्या सल्लागार होत्या. पण मसुद्याचा पाया त्यांची फ्लो-मॅटिक हाच होता. काम इतके रेंगाळले, की ब्रोमबर्गनी कोबोल असे कोरलेला संगमरवरी थडग्याचा दगड विकत घेऊन फिलिप्स यांना धाडून दिला!

कोबोलच्या आज्ञावलीचे चार भाग असतात. पहिल्यात तिची ओळख, दुसऱ्यात यंत्राविषयीचा तपशील, तिसऱ्यात माहितीचे वर्णन, चौथ्यात कृती. स्वयंपाकाच्या वहीसारखेच म्हणा ना: कोणता पदार्थ, कोणती शेगडी, जिन्नस किती आणि कसे, आणि मग कृती. शेगडी बदलली तर तेवढे एक पान बदलायचे. जिन्नस आणि कृती तशीच राहते. माहितीच्या भागात ग्राहकाचे नाव तीस अक्षरी, शिल्लक इतक्या अंकी, त्यातले शेवटचे दोन अंक दशांश चिन्हानंतरचे, असे सारे लिहून ठेवायचे. एक्स म्हणजे कोणतेही अक्षर, ९ म्हणजे अंक. एवढी खूण कळली की कोणालाही नोंद उलगडता येते.

डिसेंबर १९६० मध्ये परीक्षा झाली. युनिव्हॅक-२ हा बारा-बारा अक्षरांच्या ठरावीक खणांत माहिती ठेवणारा संगणक, तर आरसीए-५०१ मध्ये माहितीची लांबी हवी तशी ठेवता येई. घडण इतकी वेगळी. तरीही एकच कोबोल आज्ञावली नाममात्र फेरफाराने दोन्हींवर चालली. पूर्वी असे घडले नव्हते. त्या वर्षीच संरक्षण खात्याने जाहीर केले होते, की सबळ कारणाशिवाय कोबोल नसलेला संगणक घेणार नाही. मग कंपन्यांची कुरकुर आपोआप थांबली.

करार झाला, पण करार लिहिणे आणि पाळणे यांत अंतर असते. प्रत्येक कंपनीने कोबोलमध्ये स्वतःच्या खास सोयी घुसडल्या आणि एका भाषेच्या पुन्हा अनेक बोली झाल्या. १९६६ च्या अखेरीस साठी उलटलेल्या हॉपरबाईंना नौदलाने निवृत्त केले होते. सात महिने झाले नाहीत तोच, ऑगस्ट १९६७ मध्ये, नौदलातला हा बोलींचा गोंधळ निस्तरण्यासाठी त्यांना सहा महिन्यांसाठी परत बोलावले. ते सहा महिने एकोणीस वर्षे चालले.

या काळात त्यांनी जे केले ते फारसे प्रसिद्ध नाही, पण मला ते सर्वांत मोलाचे वाटते. त्यांच्या गटाने चाचणी आज्ञावल्यांचे संच तयार केले. आमचा कंपायलर प्रमाण कोबोल जाणतो, असे विक्रेता म्हणाला की हे संच त्यावर चालवायचे. कोठे अडखळतो ते कागदावर छापून समोर येई. वजनमाप निरीक्षक दुकानातली वजने तपासतो, तसाच हा प्रकार. पुढे अमेरिकी सरकारच्या खरेदीतही अशी तपासणी आली. विश्वास ठेवायचा, पण वजन करून, हा त्यांचा खाक्या.

अशी तपासणी का हवी, हे मी स्वतः अनुभवले आहे. आमच्या बँकेत दुसऱ्या एका कार्यालयाकडून चुंबकीय फीत आली. त्यांचे यंत्र आयबीएम पद्धतीचे. त्या पद्धतीत कॅपिटल ए हे अक्षर १९३ या अंकाने साठवतात, आमच्या यंत्राच्या आस्की या संकेतात ६५ ने. फीत तशीच उघडली तर नुसता कचरा. अक्षरांचे रूपांतर केले तेव्हा नावे, पत्ते स्वच्छ दिसू लागले आणि सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण रकमा मात्र विचित्र! कारण रकमा अक्षरे म्हणून ठेवलेल्याच नव्हत्या. जागा वाचावी म्हणून दोन-दोन अंक एका खणात कोंबलेले होते. नावांना लावलेला रूपांतराचा नियम त्यांना लावताच त्यांची मोडतोड झाली. निवृत्तिवेतनाच्या रकमा होत्या त्या, माणसे खिडकीशी थांबलेली. समोरच्या कार्यालयाकडून नोंदीच्या मांडणीचा कागद यायला चार दिवस गेले. कागद आला, रकमा साध्या अंकांत लिहिलेली नवी फीत मागवली आणि तासाभरात काम झाले. माहिती कोंबून कशी साठवायची, हे कोबोलच्या प्रमाण मसुद्याने यंत्र बनवणाऱ्यांवर सोडले होते. नेमक्या त्याच फटीत आमची फीत अडकली. जेथे करार थांबतो तेथे भिंत पुन्हा उभी राहते, हा धडा मी त्या चार दिवसांत शिकलो.

हॉपरबाईंचा उत्तरकाळ मानसन्मानात गेला. १९६९ मध्ये एका अमेरिकी संगणक संघटनेने वर्षातील मानकरी निवडायला सुरुवात केली. पदवी होती मॅन ऑफ द इयर आणि पहिली मानकरी होती ही बाई! त्या गावोगाव व्याख्याने देत. पिशवीतून फूटभर लांबीचे तारेचे तुकडे काढून श्रोत्यांना वाटत. एका सेकंदाच्या अब्जाव्या भागात वीज जास्तीत जास्त किती अंतर जाऊ शकते, ते या तुकड्याएवढे, हे सांगण्यासाठी. सोबत तीनशे मीटर तारेचे वेटोळे असे. ते सेकंदाच्या दशलक्षाव्या भागाचे. कचेरीत त्यांनी उलटे फिरणारे घड्याळ लावले होते. आजवर असेच चालत आले आहे, या सबबीचा त्यांना मनस्वी तिटकारा होता. १९८६ च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या ७९ व्या वर्षी, रिअर अॅडमिरल या पदावरून बॉस्टन बंदरातल्या कॉन्स्टिट्यूशन या जुन्या युद्धनौकेवर त्यांना निरोप दिला गेला. तेव्हा नौदलाच्या सेवेतील त्या सर्वांत वयस्क अधिकारी होत्या. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचे निधन झाले. १९९७ मध्ये त्यांच्या नावाची युद्धनौका नौदलात दाखल झाली आणि २०१६ मध्ये अध्यक्ष ओबामा यांनी त्यांना मरणोत्तर सर्वोच्च नागरी सन्मान दिला.

त्यांच्या मृत्यूनंतर काही वर्षांनी, १९९८-९९ मध्ये, सन २००० च्या धास्तीने जग हादरले होते. जागा वाचवण्यासाठी वर्षाचे दोनच अंक लिहिलेले. ०० म्हणजे १९०० की २०००, हे यंत्राला कळेना. भारतातल्या हजारो तरुणांना त्या कामाने परदेशी व्यवहाराचे दार उघडून दिले. मीही तेव्हा बँक सोडून एका सॉफ्टवेअर कंपनीत होतो. अमेरिकेतल्या कोणा अनोळखी माणसाने तीस वर्षांपूर्वी लिहिलेली कोबोल मुंबईत बसून वाचायची. ज्या यंत्रासाठी ती लिहिली ते कधीच भंगारात गेलेले. तरी माहितीचे वर्णन शब्दांत असल्यामुळे कोणत्या रकान्यात काय आहे ते उलगडत जाई. चूकही कळे, कारण चूकसुद्धा स्पष्ट लिहिलेली होती. हॉपरबाईंनी आपल्याला दिले ते हे. यंत्र मरते, माहिती मागे राहते. तिच्यासोबत तिची ओळख लिहिलेली असेल तरच ती पोरकी होत नाही.

आपल्या मराठीने हे दुःख भोगले आहे. नव्वदच्या दशकात प्रत्येक फॉन्टवाल्याने आपापली अक्षरे आपापल्या खणांत बसवली. एका छापखान्यातली फ्लॉपी दुसऱ्यात नेली की कथेची जागा चिन्हांच्या रांगोळीने घेतलेली. वास्तविक इस्की हे भारतीय प्रमाण १९९१ मध्ये ठरले होते आणि त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला स्वतंत्र जागाही मिळाली होती. करार होता, पाळायला लावणारे आणि तपासणारे कोणी नव्हते. युनिकोड रुळायला पुढे बरीच वर्षे गेली. जुन्या फॉन्टांत अडकलेला मजकूर आजही परिवर्तकातून काढून, हाताने शुद्धलेखन तपासत सोडवावा लागतो.

म्हणून घरातले फोटो, आजीच्या आठवणी, सोसायटीचे हिशेब संगणकात ठेवताना एक प्रश्न विचारत जावा. हे यंत्र आणि ही कंपनी उद्या राहिली नाही, तर दुसऱ्या कोणाला हे उघडता येईल का? उत्तर अंदाजाने देऊ नये. दुसऱ्या एखाद्या संगणकावर खरोखर उघडून पाहावे. हॉपरबाईंनी तसेच केले असते.